रणगाड्याची डावी बाजू

रणगाड्याला चार बाजू असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण संग्रहालयातल्या रणगाड्याला तीनच असतात. चौथी भिंतीची. आणि ज्याला रणगाड्याचे फोटो काढायचे असतात त्याला नेमकी ती चौथीच हवी असते. आता याला कुणी नशीब म्हणतं, कुणी जागेची टंचाई.

रणगाडेकाकांना विचारलं असतं तर त्यांनी नशीबच म्हटलं असतं. काका म्हणजे विमा कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या मरणाची आकडेमोड करून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस. स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढून बायकोला हाक मारणारा. पण निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला मधुमेह लागतो, कुणाला अध्यात्म लागतं, काकांना रणगाडे लागले.

हे वेड वाटतं तितकं साधं नसतं. साधी माणसं रणगाड्यासमोर उभी राहून स्वतःचा फोटो काढतात. ही माणसं रणगाड्याखाली पालथी पडून त्याच्या बोल्टांचे फोटो काढतात. मग ते फोटो समोर ठेवून घरी त्याच रणगाड्याची हातभर लांबीची प्रतिकृती करतात आणि महिन्यातून एकदा मंडळात जमून एकमेकांच्या प्रतिकृतीतले दोष काढतात. त्या मंडळात एका बिजागरीवरून दोन सख्खे मित्र बोलेनासे झाले होते. तिसरा मध्ये पडला तर त्याच्याशी दोघंही बोलेनासे झाले.

काका या मंडळाचे अध्यक्ष, आणि चिटणीस कोण, तर काकांचे साडू!

साडू हे नातं देवानं फार विचार करून निर्माण केलं आहे. भाऊ असता तर वाटणीवरून एकदाच भांडून मोकळं होता आलं असतं. साडूशी धड भांडताही येत नाही, कारण बहिणी-बहिणींचं बोलणं रोज सकाळी फोनवर चालू असतं. हे साडूभाऊ चष्म्याचे दुकानदार. जन्मभर लोकांच्या नजरेतला दोष काढून पोट भरलेला माणूस; दुकान बंद झालं तरी सवय थोडीच बंद होते?

तर यंदाच्या प्रदर्शनासाठी काकांनी शहरातल्या संग्रहालयातल्या जुन्या रणगाड्याची प्रतिकृती केली. वर्षभर डोळ्यांची वाट लावून केली. प्रतिकृती मंडळाच्या टेबलावर ठेवली, सगळे ‘वा वा’ म्हणाले, आणि साडूभाऊंनी खिशातून भिंग काढलं.

“भाऊसाहेब, ही डाव्या अंगाला पेटी कसली?”

“हत्यारांची. पाने, हातोडे ठेवायची.”

“तिथं पेटी नव्हती हो. तिथं नुसता आकडा होता. फावडं अडकवायचा.”

“पेटी होती. मी लहानपणी संचलनात डोळ्यांनी बघितलीय. वडिलांच्या खांद्यावर बसून.”

“तेव्हा चष्मा होता का तुम्हाला?” साडूभाऊ अगदी प्रेमानं म्हणाले. “नसणार. पुढे दहावीला माझ्याच दुकानात आणलं होतं तुम्हाला, नंबर काढायला. काय नंबर निघाला होता! मी तर म्हटलं, हा मुलगा इथवर चालत आला कसा?”

मंडळ हसलं. अध्यक्षाला मंडळ हसलं की संपलंच. मग ठराव झाला: प्रदर्शनापूर्वी काकांनी डाव्या बाजूचा फोटो आणावा. नाही आणला तर सर्वांसमोर चिमट्यानं ती पेटी उचकटावी आणि अध्यक्षपद साडूभाऊंकडे द्यावं. ठराव मांडला साडूभाऊंनी, अनुमोदन दिलं त्यांच्या शेजारच्यानं, आणि वाईट म्हणजे तावातावानं हात पहिला वर केला तो काकांनी.

घरी बातमी काकांच्या आधी पोचली होती.

“ताईचा फोन आला होता,” काकू म्हणाल्या. त्या कणीक मळत होत्या. कणकेवर जो राग निघत होता तो कणकेवरचा नव्हता. “म्हणाली, आमच्या ह्यांना अध्यक्ष करणार आहेत. म्हणाली, तुझ्या ह्यांना वाईट नको वाटू देऊस, वय झालं की असं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका गोष्टीत ताईच्या पुढे होते मी. नवरा अध्यक्ष! तेवढंही सांभाळता आलं नाही?”

“अगं, पेटी आहे तिथं.”

“मग आणा ना फोटो. की तोही मीच आणू?”

आता संग्रहालयातल्या त्या रणगाड्याची हकिकत ऐका. संग्रहालयाचे लोक त्याला ‘म्हातारी’ म्हणत. कधी काळी ओढून आणली आणि डावं अंग भिंतीला टेकवून ठेवली, ती ठेवलीच. भिंत आणि म्हातारी यांच्यामध्ये मांजर जाईल एवढी फट. आत उजेड नाही, आणि वर पत्र्याचं छप्पर. काकांकडे म्हातारीच्या उजव्या बाजूचे इतके फोटो होते की बोल्टवरचा गंजसुद्धा त्यांना ओळख देत असे. डाव्या बाजूचा एक नाही.

वसाहतीत बातमी फुटली. आपल्याकडे माणूस आजारी पडला की औषधं सुचतात आणि अडचणीत आला की युक्त्या. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “एवढं काय त्यात? उजव्या बाजूचा फोटो घ्या आणि उलटा छापा. डावी तयार!” काकांनी त्यांना समजावलं की रणगाडा काही माणसाच्या कानांसारखा नसतो. पोस्टमास्तरांनी, “मग बनवणाऱ्यांचीच चूक आहे,” म्हणून निकाल दिला. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “भिंत पाडा.” त्यांच्या यजमानांनी बाल्कनी वाढवताना तेच केलं होतं, आणि तेव्हापासून ते कोर्टातच असतात.

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य मात्र विचारी. ते म्हणाले, “काका, तुमचा रणगाडा म्हणजे अक्कलदाढेचीच केस आहे. मागे, अंधारात, तोंड घालता येत नाही अशा जागी. आम्ही काय करतो? आरसा घालतो.” आणि त्यांनी दात तपासायचा तो इवलासा आरसा, लांब दांडी जोडून, काकांच्या हाती दिला. वर, “हळूच हाताळा, त्याला दुखणार नाही,” असंही म्हणाले. सवय!

तर काका एका हातात कॅमेरा, एका हातात दातांचा आरसा आणि तोंडात विजेरी धरून म्हातारीच्या मागच्या फटीशी हजर झाले. आरशात आधी त्यांना स्वतःचा डोळा दिसला. मग जळमट दिसलं. मग एक पाल दिसली, ती आरशात दंतवैद्याच्या गिऱ्हाइकासारखी आ वासून बघत होती. काकांनी जरा आणखी आत हात घातला. मग खांदा घातला. मग विचार केला की खांदा गेला म्हणजे पोटही जाईल. जगातले सगळे मोठे अपघात या एका विचारानं झालेले आहेत.

पोट गेलं. परत मात्र येईना.

भिंतीला छाती, रणगाड्याला पाठ, आणि मान नेमकी भिंतीकडे वळलेली. ज्या डाव्या बाजूसाठी जिवाचं रान केलं ती पाठीला टेकलेली होती. पाठीला टोचत होतं काहीतरी, हे नक्की. पण तो पेटीचा कोपरा होता की आकड्याचं टोक, हे पाठीला कळेना. विमा कचेरीतल्या खुर्चीनं त्या पाठीची सगळी संवेदना केव्हाच घालवली होती. काकांनी तशाही स्थितीत कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो आला तो भिंतीचा आणि अर्ध्या कानाचा.

ओरडावं तर विजेरी तोंडात. शेवटी पहारेकऱ्याला म्हातारीच्या पोटातून हुंकार ऐकू आला. तो धर्मभोळा माणूस. त्यानं आधी लांबूनच हात जोडले आणि मग अधीक्षकांना बोलावलं.

अधीक्षक नवे होते, उत्साही होते, आणि लष्करी वाहनांबद्दल त्यांना काडीचंही माहीत नव्हतं. आधी ते शिल्पांच्या विभागात होते. त्यांनी काकांना खेचून काढलं, पाणी पाजलं आणि नम्रपणे विचारलं, “साहेब, आपण नेमकं काय शोधत होता?”

काकांना इतक्या आदरानं कुणी बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं. पहारेकऱ्यानं सूचनाफलकावरचा खडू आणून दिला आणि काकांनी म्हातारीच्या उजव्या अंगावर चित्र काढूनच दाखवलं. “हे बघा. पलीकडच्या बाजूला. इथं. एवढी लांब, एवढी उंच. दोन बिजागऱ्या. इथं कडी. आणि हा कोपरा...” कोपरा काढायला ते वाकले आणि कमरेत अशी सणसणीत उसण भरली की खडू तिथंच मोडला. मोडताना कोपऱ्यातून खाली एक वाकडी शेपटी ओढून गेला, झोपलेल्या मांजराच्या शेपटीसारखी. काका तसेच काटकोनात राहिले. त्यांना रिक्षात घालतानाही काटकोनातच घातलं.

पुढे काका अंथरुणाला खिळले आणि म्हातारीचं प्रकरण कागदाला. अधीक्षकांनी तिला भिंतीपासून हलवायची परवानगी मागितली, तर वरून विचारणा आली की सदर रणगाडा ही स्थावर मिळकत आहे की जंगम? जंगम असेल तर इतकी वर्षं हलला का नाही? स्थावर असेल तर त्याला चाकं कशासाठी? एका खात्याचं म्हणणं पडलं की चाकं असली तरी त्यांच्यात गवत उगवलं आहे, सबब हा विषय उद्यान विभागाचा. उद्यान विभागानं गवत मान्य केलं, रणगाडा नाकारला. काका पाठीला शेकाची पिशवी लावून रोज अधीक्षकांना फोन करत, आणि रोज सकाळी ताईचा फोन काकूंना येई. “सावकाश होऊ दे गं,” ताई म्हणत. “आमच्या ह्यांनी अध्यक्षपदाचं भाषण लिहायला घेतलंय, तोवर तेही होईल.”

काका प्रतिकृतीकडे बघत पडून राहत. नखाएवढी ती पेटी. चिमटा कुठून लावावा लागेल, हेही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. माणूस आपल्याच हातानं आपलं नाक कापायचा सराव करतो म्हणजे काय अवस्था असेल, विचार करा.

आणि एक दिवस भिंतच धावून आली. भिंतीला ओल धरली. ओल धरली म्हणजे दुरुस्ती, दुरुस्ती म्हणजे निविदा, आणि निविदेत ‘अडथळे दूर करणे’ हे कलम असतंच. म्हातारी स्थावर नाही आणि जंगमही नाही, म्हातारी अडथळा आहे, असं ठरलं. क्रेन आली, पाण्याचा नळ फुटला, बागेचा वाफा गेला आणि म्हातारी हलली. मागे म्हणे आधीच्या अधीक्षकांच्या दोन छत्र्या, एक कवळी आणि कुणाचं तरी पाळीव कासव सापडलं, तेही जिवंत! कासवाला तरी भिंत आणि रणगाडा यांच्यामधून निघायची घाई नसावी.

अधीक्षकांचा फोन आला. “साहेब, तयार आहे! ताडपत्री घालून झाकून ठेवलंय. आपल्याच हस्ते उघडायचं. मंडळालाही आमंत्रण दिलंय.”

काका कमरेला पट्टा बांधून गेले. काकू ठेवणीतली साडी नेसून गेल्या. साडूभाऊ भिंग घेऊन आले आणि ताई नुसत्याच आल्या, पण त्यांना भिंगाची गरज कधीच पडली नव्हती.

काकांनी ताडपत्री ओढली.

पेटी होती! एवढी लांब, एवढी उंच. दोन बिजागऱ्या. कडी. हिरवागार रंग.

काकूंनी ताईकडे पाहिलं. त्या एका नजरेत कित्येक वर्षांचं मागचं-पुढचं व्याज वसूल झालं. मंडळानं टाळ्या वाजवल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि तेव्हा त्यांना ते दिसलं.

पेटीच्या खालच्या कोपऱ्यातून एक वाकडी लोखंडी शेपटी निघाली होती. झोपलेल्या मांजराच्या शेपटीसारखी.

अधीक्षक कानाशी लागले. “आपण काढून दिलं होतं तसंच करून घेतलंय, साहेब. तसूभर फरक नाही. ती शेपूट वाकवायला वेल्डरला फार त्रास झाला, पण मी म्हटलं, जाणकार माणसानं काढलीय म्हणजे काहीतरी कारण असणार.”

काकांना भोवळ यायची बाकी राहिली. इतक्यात साडूभाऊंनी भिंग लावलं आणि आरोळी ठोकली, “आकडा! अहो, आकडा! मी काय म्हणत होतो? फावडं अडकवायचा आकडा!”

“तो आकडा नाही,” काका कळवळून म्हणाले. “ती माझी उसण आहे!”

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ऐका,” काका म्हणाले, “ही पेटी खोटी आहे. आत्ता बसवलीय. मी खडूनं काढली, यांनी केली.”

अधीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला. सरकारी माणसाला सत्याची भीती नसते, लेखापरीक्षणाची असते. “छे छे!” ते म्हणाले. “आमच्याकडे खोटं काही नसतं. जे होतं त्याचं संवर्धन झालंय. साहेब विनयानं बोलतायत.”

“बघा,” साडूभाऊ गहिवरले. त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. “जिंकत असताना माणूस म्हणतो, माझी पेटी खोटी. का? तर साडूचा मान राहावा! भाऊसाहेब, मी तुम्हाला ओळखलं नाही हो. पण तुमचीही पेटी खरी आणि माझाही आकडा खरा.”

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. जन्मात पहिल्यांदा ताई गहिवरल्या होत्या आणि त्याही चुकीच्या कारणानं. मंडळानं तिथल्या तिथं ठराव केला: यापुढे दोन्ही साडू संयुक्त अध्यक्ष. दोघांनी एकाच बाकावर, दर महिन्याला, शेजारी शेजारी बसायचं. काकांनी हात वर केला नाही. साडूभाऊंनी प्रेमानं तोही धरून वर केला.

गर्दी पांगली तेव्हा काकांनी वेल्डरला गाठलं. तो म्हातारीच्या सावलीत डबा खात बसला होता.

“दादा, एकच सांगा. ही बसवायच्या आधी तिथं काय होतं?”

“होतं ना,” वेल्डर घास गिळत म्हणाला. “तेच तर कापायला वेळ गेला.”

“पेटी होती का? पेटी?”

“आता ते... गंजून पार चोथा झालेलं हो. पत्रा होता. असा दुमडलेला.”

“दुमडलेला? पेटीसारखा?”

“पेटीसारखा म्हणा. नाहीतर नुसता पत्रा म्हणा. एक सळईपण होती बहुतेक.”

“आकड्यासारखी?”

“सळईसारखी.”

“कुठंय ते?”

“भंगारात गेलं की! जागा नको का मोकळी, तुमची पेटी बसवायला?”

काका कमरेचा पट्टा आवळून भंगारवाल्याकडे धावले. म्हणजे त्यांच्या मते धावले, बघणाऱ्याला ते लंगडत जात होते असं वाटलं. भंगारवाल्याला वजन आठवत होतं, आकार आठवत नव्हता. “साहेब, आकाराला इथं भाव नाही,” तो म्हणाला. माल भट्टीला गेला होता. वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली ती पेटी, असलीच तर, आता कुणाच्या तरी बाल्कनीची जाळी होऊन बसली होती.

प्रदर्शन थाटात झालं. म्हातारीच्या डाव्या बाजूचा फोटो मोठा करून लावला होता. मंडळातल्या प्रत्येकानं आपापल्या प्रतिकृतीला वाकडी शेपटी लावली. परगावच्या मंडळानंही लावली. एका विद्वानानं तर ती शेपटी शत्रूच्या तारांचं कुंपण तोडायला असावी, असा स्वतंत्र सिद्धांत मांडला. अध्यक्षांचीच प्रतिकृती बिनशेपटीची कशी राहणार? तेव्हा ज्या चिमट्यानं पेटी उचकटायची धास्ती होती, त्याच चिमट्यानं काकांनी आपल्या हातानं आपल्या उसणेची शेपटी आपल्या रणगाड्याला चिकटवली. डिंक वाळेपर्यंत धरून बसावं लागतं. ते धरून बसले होते आणि नाकाच्या शेंड्यावरून थेंब ओघळत होता.

“आता काय झालं रडायला?” काकू म्हणाल्या. “राहिलं ना अध्यक्षपद?”

“अगं, मी बरोबर होतो का चूक, तेच आता जन्मात कळणार नाही.”

“अय्या, मग काय झालं?” काकू म्हणाल्या. “माझ्याशी लग्न केलंत तेव्हापासून ते कुठं कळलंय?”

तेवढ्यात अधीक्षकांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “साहेब, उद्या कॅमेरा घेऊन याच. एक नवं दालन केलंय. तो खडू आठवतो? आपण म्हातारीवर चित्र काढलं तो? पहारेकऱ्यानं दोन्ही तुकडे जपून ठेवले होते. काचेच्या पेटीत ठेवलेत, खाली मखमल, वर दिवा.”

चिमटा काकांनी सोडला नव्हता, कारण डिंक अजून ओला होता.

“आणि या वेळी तुमची गैरसोय होऊ दिली नाही, साहेब,” अधीक्षक म्हणाले. “पेटी बरोब्बर दालनाच्या मध्यावर ठेवलीय. भिंत लांब आहे. चारही बाजूंनी फोटो येतो.”